एका ओळीचे पैसे



अभिनंदन. पदवी मिळाली, छान झालं. आईवडिलांनी खस्ता खाल्ल्या, शिक्षकांनी घसा कोरडा केला, तुम्हीही शेवटच्या महिन्यात का होईना, रात्री जागवल्या. सगळ्यांचं कौतुक. हे आधीच उरकून घेते, कारण बोलता बोलता मी भरकटते आणि मग राहून जातं.

प्राचार्यबाईंनी विषय कळवला होता, ‘साहित्य आणि जीवनमूल्ये’. त्यावर मला काहीही म्हणायचं नाही. मराठीत बोला, असंही सांगितलं, ते मात्र आनंदानं मान्य केलं. माझ्या मराठीत मधूनच ‘अपन’ येईल, एखादा ‘भिया’ही येईल. पुण्याचे पाहुणे त्याला हसतात. हसू द्या. याच इंदुरात, होळकर कॉलेजातून गजानन माधव मुक्तिबोध 1938 साली बी. ए. झाले आणि हिंदीत लिहीत राहिले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषांतले दोन मोठे कवी निपजले आणि कुणाची भाषा बाटली नाही. 1917, 1935 आणि 2001, तीनदा या गावानं मराठी साहित्य संमेलन भरवलं आहे. 2001 ला विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. मर्ढेकरांच्या कवितेवर इतकं बारकाईनं लिहिणारी बाई आपल्या गावात आली, तर मी वही घेऊन पुढच्या रांगेत बसणार होते. आमच्या कचेरीनं मला भोजनव्यवस्थेचा वृत्तान्त लिहायला पाठवलं. श्रीखंड चांगलं होतं.

तर मी पोट भरलं वर्तमानपत्रात, कवितेवर नाही. आणीबाणी उठली त्या सुमाराला एका हिंदी दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. नाव सांगत नाही, अजून तिथं ओळखीची माणसं आहेत. त्या काळी बाई कामावर घेतली की तिच्यासाठी दोनच जागा असत, एक महिलांचं पान आणि दुसरी छोट्या जाहिराती. मला दोन्ही मिळाल्या. दुपारी लोणची आणि केसांची निगा, संध्याकाळी उठावना.

इंदूरकरांना उठावना सांगायला नको. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी लोक कुठे, किती वाजता जमणार, याची पेपरातली चौकट. वर फोटो, खाली नातलगांची यादी. आमच्याकडे तिचे तीन साचे होते. वडीलधाऱ्यांसाठी एक, अकाली गेलेल्यांसाठी एक आणि बायकांसाठी एक. बायकांच्या साच्यात तिचं नाव बारीक टायपात, नवऱ्याचं ठळक. माणूस रडत आला, गप्प आला, प्यायलेला आला, तरी त्याच्यासमोर साचा ठेवायचा आणि नाव, वेळ, पत्ता भरून घ्यायचा. मी हे काम बरीच वर्षं केलं आणि त्यातून माझं एकच मत तयार झालं. ते आज तुमच्या गळी उतरवल्याशिवाय मी खाली बसणार नाही. ते असं की तयार वाक्य घेऊ नका. समोर जे आहे ते आधी पाहा, आणि पाहिल्यावर वाक्य आलं तर ते घ्या. नाही आलं तर गप्प राहा.

पण त्याआधी कवितेचं रडगाणं गाते, कारण ते गायला मला व्यासपीठ क्वचित मिळतं.

वर्तमानपत्रात कविता म्हणजे भरताड. रात्री पान लावताना मजकूर कमी पडला की हाक यायची, “ताई, दोन इंच उरलेत, तुमची ती पावसाची द्या.” पाऊस पडत असो वा नसो. एकदा माझी एक कविता लावून झाली आणि ऐनवेळी कोचिंग क्लासची जाहिरात आली. जाहिरात सोडणं शक्य नव्हतं, म्हणून कवितेच्या शेवटच्या चार ओळी कापल्या. पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं, ‘कविता फार आवडली, विशेषतः शेवट अगदी सूचक आहे.’ तेव्हापासून मी समीक्षेकडून फारशा अपेक्षा ठेवलेल्या नाहीत. मानधनाचं म्हणाल तर वार्ताहराला पैसे, छायाचित्रकाराला पैसे, शब्दकोडं रचणाऱ्यालासुद्धा पैसे, आणि कवीला अंक घरपोच. कविसंमेलनांत शाल आणि श्रीफळ. नारळाची चटणी तरी होते. मे महिन्यात इंदुरात शालीचं काय करायचं, हे मला एकाही आयोजकानं सांगितलेलं नाही.

असो. इंदिराबाई संत मला याच नोकरीत भेटल्या, म्हणजे त्यांची पुस्तकं भेटली. इथल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयात ‘शेला’ आणि ‘मेंदी’ शेजारी शेजारी उभी होती. कॉलेजात मी इंदिराबाई शिकले होते, पण कशा? गाइडमधून. ‘विरहाची कवयित्री’, खाली पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक गुण. मग संध्याकाळी तीन साच्यांत माणसं भरायची आणि घरी येऊन रात्री इंदिराबाई वाचायच्या, असं सुरू झालं, तेव्हा कुठे कळायला लागलं की या बाईंनी काय केलंय.

हकीकत अशी. 1940 साली ‘सहवास’ नावाचा संग्रह आला, त्यात इंदिराबाईंच्या आणि त्यांचे यजमान ना. मा. संत यांच्या, दोघांच्या कविता. 1946 साली संत गेले. पदरी तीन लहान मुलं. त्यातलाच एक पुढं प्रकाश नारायण संत या नावानं लंपनच्या कथा लिहिणार होता. बेळगावात इंदिराबाई शिक्षकांना शिकवण्याची नोकरी करत राहिल्या. 1951 साली ‘शेला’ आला. आता माझ्यासारख्या उठावनावालीनं त्या कविता उघडल्या तर ती आधी काय शोधणार? कोण गेलं, केव्हा गेलं, कशानं गेलं. त्यातलं काही मिळत नाही. मिळतो तो पाऊस, दारातला उजेड, रोजचा रस्ता, हाताखालचं काम, एखादं झाड. त्या वस्तूकडे बाई इतक्या टक लावून पाहतात की तिथं कुणीतरी नाही, हे आपल्याला वस्तूवरूनच समजतं. ‘मी दुःखी आहे’ असं सांगून मोकळं होणं त्यांना परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळा होती.

आणि त्यांनी पुढं ‘मालनगाथा’ केली, बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांच्यावर लिहिलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण तुमच्यातला एखादा चलाख मुलगा मला विचारेल की बाई, ओवी हासुद्धा साचाच की! बरोबर आहे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या टिपल्या गेल्या. त्यांत तोच भाऊ, तीच माहेरची वाट, तीच तुळस पुन्हा पुन्हा येते. पण दळणारी बाई त्या साच्यात आपल्या भावाचं नाव घालते, आपल्या गावची नदी घालते, आपल्या सासूचा एखादा दुर्गुण घालते. साचा शेकडो वर्षांचा आणि आतला ऐवज आज सकाळचा. माझी तक्रार साच्याविरुद्ध नाहीच. तो रिकामा छापून वर पैसे घेण्याविरुद्ध आहे.

तशीच सातपुड्याच्या पलीकडे, जळगावला, बहिणाबाई चौधरी. 1880 ते 1951. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव कवी, त्यानं आणि एका नातलगानं ऐकून टिपलं, आणि आई गेल्यावर आचार्य अत्र्यांना दाखवलं. 1952 साली पुस्तक आलं. तिशीच्या आसपास या बाईला वैधव्य आलं. त्यावरचं तिचं गाणं तुम्ही शाळेत ऐकलं असेल. आज घरी जाऊन पुन्हा वाचा. त्या काळी विधवेचं काय काय काढून घेत, हे तुमच्या पणज्यांना विचारायला हवं होतं. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र तोडलं. शेजारणी जमल्या आहेत, त्यांची तयार वाक्यं चालू आहेत. आणि ही बाई पाहते काय? आपलंच अंग पाहते. कुंकू गेलं, पण कातडीत टोचलेलं गोंदण कुठे गेलंय? बांगडी फुटली, पण ती ज्याच्यावर होती ते मनगट आहे, आणि त्या मनगटात कामाची ताकद आहे. हे सांत्वन नव्हे. ही झडती आहे. घरात चोरी झाल्यावर काय नेलं आणि काय राहिलं हे पाहावं, तशी ती स्वतःची झडती घेते. नवरा गेलेल्या आणि नांगराला हात लावणाऱ्या बाईलाच असं पाहता येतं. गाइड लिहिणारे याला ‘आशावाद’ म्हणतात. एक गुण.

आता ती गोष्ट सांगते. आमच्या टेबलावर एक म्हातारा आला, देपालपूरकडचा, डोक्याला पंचा, हातात चिठ्ठी. बायको गेली होती. चिठ्ठी नातीकडून लिहून आणलेली. नाव, गाव, वेळ, सगळं साच्यात बसलं. शेवटी एक ओळ जास्त होती. ती अशी की गिलकी आणि बालोरच्या बिया ती माचिसच्या डब्यांत ठेवायची, आणि कुठल्या डबीत काय, हे तिला एकटीलाच माहीत होतं.

मी त्याला सांगितलं, ओळीचे वेगळे पैसे पडतील. त्यानं पंच्याच्या गाठीतून काढून दिले. मी ओळ लावली. रात्री ती उडवली गेली. रात्रपाळीच्या संपादकांचं म्हणणं, उठावना उठावन्यासारखा दिसला पाहिजे, इथं भाजीपाल्याचं काय काम. दोन दिवसांनी म्हातारा पेपर घेऊन आला. भांडला नाही. काऊंटरवरच्या माणसानं रजिस्टर उघडलं, एका ओळीचे पैसे परत केले आणि अंगठा घेतला. मग तो म्हणाला, मेरी चिट्ठी दे दो, बच्ची ने लिखी थी. चिठ्ठ्या रोज रात्री रद्दीत जात. आम्ही खिळ्याला खोचलेले सगळे कागद उलटेपालटे केले. नव्हती. त्यानं पैसे मोजले, पंच्यात बांधले आणि गेला.

मी मराठी कविता बऱ्यापैकी वाचली आहे. माणूस गेल्यावर घरातलं नेमकं काय बंद पडतं, ते इतक्या थोडक्यात सांगणारी ओळ मला क्वचित सापडली. म्हाताऱ्याकडे डब्या होत्या, बिया होत्या, पावसाळा तोंडावर होता आणि डबीत काय आहे हे पेरल्याशिवाय कळणार नव्हतं. तो कवी नव्हता. त्यानं फक्त डब्यांच्या फळीकडे पाहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, छोटी गोष्ट आहे, बाई उगाच ताणतात. मग मोठी सांगते. 1984 चा डिसेंबर. 2 आणि 3 तारखेच्या मधली, भोपाळच्या वायुदुर्घटनेची रात्र. भोपाळ आपल्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर. चार दिवसांत आमच्या टेबलावर भोपाळच्या नातलगांच्या चौकटी यायला लागल्या. एकेका घरातले तीन तीन फोटो. अकाली गेलेल्यांच्या साच्यात शब्द तयार होते, ‘आकस्मिक निधन’. एका मुलानं ‘वायूनं मेले’ असं लिहून आणलं, तर जाहिरात विभागानं ते साच्याप्रमाणे करून घ्यायला सांगितलं. हेतू वाईट नसेल. सवय होती. पण त्या दिवसापासून मला हे दोन शब्द खपत नाहीत. तयार वाक्य मेलेल्याला गिळतं, हे मला तोवर माहीत होतं. ते मारणाऱ्यालाही झाकतं, हे तेव्हा कळलं.

त्या वर्षांत दिलीप चित्रे भोपाळला भारत भवनात काम करत होते. त्यांचा एकुलता एक मुलगा वायूच्या तडाख्यात सापडला आणि 2003 साली गेला. तुकोबांना इंग्रजीत नेणारा हा माणूस. चित्र्यांच्या मराठी कविता हिंदीत आणल्या त्या आपल्या चंद्रकांत देवतालेंनी, जे इंदूरच्या कॉलेजात शिकवत होते आणि आई, मुली, घर यांच्यावर अशा कविता लिहीत होते की त्यांच्यासमोर आम्ही आपल्या वह्या लपवाव्यात. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले. चित्र्यांनी तुकोबांमध्ये काय वाचलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते, आणि मग पुढं जाववत नाही.

आता एक चीड. मध्यंतरी विजयनगरच्या एका हॉटेलात शिबिराला नेलं होतं मला, पाहुणी म्हणून. विषय ‘सजगता’. फी ऐकून मी खुर्चीवर नीट बसले. एका मनुक्याकडे पाच मिनिटं पाहायचं, मग तो सावकाश चावायचा, म्हणजे मन शांत होतं आणि सोमवारी कामाचा उरक वाढतो. मनुका चांगला होता. पण पाहण्याचं हे बिल मला पटत नाही. इंदिराबाई पावसाकडे पाहून शांत झाल्या असत्या तर पुढचे संग्रह लिहिलेच नसते. नीट पाहिलं की बहुधा त्रास वाढतो. म्हणून तर लोक पाहत नाहीत आणि तयार वाक्य घेऊन सुटतात. मन शांत करायचं असेल तर झोपा काढा, त्याला फी नाही.

याउलट, देवासला कुमार गंधर्व क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळले होते. गायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. खिडकीबाहेरून टेकडीवर देवीला जाणाऱ्या बायका माळवी गाणी म्हणत जायच्या. कुमारजी ऐकत राहिले. ताण घालवायला नव्हे. त्यांच्या कानाला दुसरं कामच नव्हतं आणि तो कान रिकामा बसणाऱ्यातला नव्हता. बरे होऊन ते उठले तेव्हा त्या लोकधुना त्यांच्या गाण्यात शिरलेल्या होत्या. पुढं त्यांनी आपल्या माळव्या-ग्वाल्हेरच्या भा. रा. तांब्यांच्या कविताही गायल्या. कवितेला याहून मोठं मानधन मी ऐकलेलं नाही.

कुमारजींचे मित्र, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी इथलेच. वाळलेलं पान, मोडकी काटकी, सालपट, जे आपण केरात टाकतो त्यातून चेहरे काढायचे. त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा, दर चार पावलांवर थांबा. आता आपलं गाव 2017 पासून देशात स्वच्छतेत पहिलं येतंय. मला अभिमान आहे, खोटं नाही सांगत. पण सकाळी कचरागाडीचं गाणं वाजतं, आणि मी चष्मा शोधून खाली येईपर्यंत कडुनिंबाखालचं एक पान शिल्लक नसतं. गुरुजी आज असते तर त्यांनी महापालिकेकडे अर्ज केला असता की आमच्या गल्लीत झाडू अर्धा तास उशिरा मारावा.

प्राचार्यबाई घड्याळाकडे बघतायत. आटपते.

तुमच्या हातात आता मोबाइल नावाचं यंत्र आहे. कुणाचा बाप गेला असा निरोप आला की खाली तीन उत्तरं आयती येतात. हात जोडलेली दोन चित्रं आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. बोट लावलं की काम झालं. आमच्याकडेही तीनच साचे होते, पण निदान माणसाला टेबलापर्यंत चालत यावं लागायचं. बोट लावू नका. तुमच्या मित्राचा बाप तुम्हाला दिसला होता ना कधी? स्कूटर कशी लावायचा? पोह्यांवर शेव घालायचा की जिरावन? तेवढं लिहा. एवढं जर आठवत नसेल तर लिहू नका, त्याच्या घरी जाऊन बसा. बी. कॉम. वाल्यांनाही हे लागू आहे. तुम्हालाही मित्र आहेत आणि त्यांना बाप आहेत.

आणि तुमच्यात पत्रकारितेचे जे विद्यार्थी आहेत, त्यांना वेगळं सांगते. पहिली काही वर्षं तुम्हाला मोठ्या बातम्या कुणी देणार नाही. छोट्या जाहिराती देतील, श्रद्धांजलीचं पान देतील, आता ते पडद्यावर असेल एवढंच. कुणीतरी एक ओळ जास्त घेऊन येईल. ती साच्यात बसणार नाही, वर्तमानपत्राच्या शैलीत बसणार नाही, तुमच्या वरिष्ठांना ती हास्यास्पद वाटेल. ती छापा. भांडावं लागलं तर भांडा. भांडून जमत नसेल तर लक्षात ठेवा, रात्रपाळीचा संपादक साडेअकराला चहा प्यायला खाली उतरतो आणि वीस मिनिटं वर येत नाही. तेवढ्यात पान सोडता येतं.